अनाथाश्रमातलं गाणं, लोकलमधलं गाणं

बुदैया हे बहरीनच्या वायव्य कोपऱ्यातलं समुद्राकाठचं गाव. मी सध्या इथेच राहते. गावाला लागून दिराझ आहे आणि दिराझच्या किनाऱ्याला अबू सुबह म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी तिथे पोरं फुटबॉल खेळतात, मोठी माणसं वाळूत सतरंजी टाकून थर्मासमधला चहा पीत बसतात. या किनाऱ्याची एक दंतकथा आहे. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, पण गाभा असा: तीन मित्रांना गाण्याबजावण्याचा नाद होता. गावात लोक नावं ठेवतील म्हणून ते लांब, ओसाड जागी, म्हणजे अबू सुबहला आले. तिथल्या मशिदीतून त्यांना गाणं ऐकू आलं. आत डोकावले तर जिन्न गात बसलेले! जिन्नांनी त्यांना ते गाणं शिकवलं, पण कुणाला सांगायचं नाही या अटीवर. दोघांनी गुपित पाळलं. तिसऱ्याने मरताना सांगून टाकलं, आणि बहरीनला 'फिजिरी' मिळालं.

फिजिरी हे मोती काढणाऱ्या पाणबुड्यांचं गाणं. २०२१ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. छोटे ढोल, टाळ्या आणि रिकामं मातीचं मडकं, असा वाद्यमेळ. फिजिरीची मैफल जमिनीवर रंगायची. प्रत्यक्ष बोटीवर गाण्यासाठी 'नहाम' नावाचा पगारी गायक असे. वल्ही मारताना, शीड चढवताना, नांगर ओढताना तो सूर लावायचा आणि बाकीचे मागे म्हणायचे. उन्हाळ्यातले चार महिने बोटी समुद्रात असत. त्यांवर लहान मुलंही असत. सगळ्यात धाकट्यांना 'तब्बाब' म्हणत. पाणी देणं, साफसफाई करणं, वरकाम करता करता धंदा शिकणं हे त्यांचं काम. पाणबुड्या मेला तरी त्याचं कर्ज मरत नसे, ते मुलाच्या डोक्यावर यायचं. १९२० च्या दशकात सरकारने या पद्धतीला वेसण घालायला सुरुवात केली. आणि या मोत्यांची मोठी बाजारपेठ कुठे होती? आपल्या मुंबईत.

आता प्रश्न असा: घरापासून चार महिने लांब, बापाचं कर्ज डोक्यावर, अशा दहा-बारा वर्षांच्या मुलाला त्या गाण्याने काय दिलं? भीती थोडी कमी झाली असेल. सगळ्यांबरोबर एका लयीत श्वास घेतल्याने थकवा वाटला गेला असेल. पण त्याच गाण्यामुळे त्याच्याकडून जास्त कामही करून घेता आलं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. बेघर मुलांसाठी म्युझिक थेरपी या विषयावर पॉडकास्टमध्ये आपण बोललो, त्याची इतिहासाची बाजू मला इथूनच सुरू करावीशी वाटते. ज्या मुलांना घर नाही त्यांना मोठी माणसं शेकडो वर्षं गायला शिकवत आली आहेत. ते गाणं नेमकं कोणासाठी होतं?

आधी शब्द नीट लावून घेऊ

म्युझिक थेरपी म्हणजे छान गाणी लावून मुलांना शांत बसवणं नव्हे. अमुक रागाने तमुक आजार बरा होतो अशा याद्या व्हॉट्सॲपवर फिरतात, तेही नव्हे. एक पेशा म्हणून ती फार जुनी नाही. अमेरिकेत मिशिगनमध्ये १९४४ साली तिचा पहिला अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९५० मध्ये राष्ट्रीय संघटना उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या रुग्णालयांमधल्या अनुभवाने या कामाला जोर दिला. ब्रिटनमध्ये ज्युलिएट ॲल्विन यांनी १९५८ मध्ये संस्था काढली. त्याच सुमारास पॉल नॉर्डॉफ आणि क्लाइव्ह रॉबिन्स ही जोडी अपंग मुलांबरोबर काम करू लागली.

त्यांची पद्धत साधी वाटते, पण करायला अवघड आहे. मूल डफ बडवतंय, तर बडवू द्यायचं. थेरपिस्ट त्याच्या वेगाला आपला वेग जुळवतो. मूल थांबलं की थांबतो, जोरात वाजवलं की जोर वाढवतो. ज्या मुलाच्या आयुष्यात कुणीच त्याच्या सांगण्यावरून थांबलेलं नाही, त्याला पहिल्यांदा कळतं की आपण थांबलो की समोरचाही थांबतो. प्रत्येक सत्राची सुरुवात ठरलेल्या स्वागताच्या गाण्याने आणि शेवट ठरलेल्या निरोपाच्या गाण्याने होतो. आज रात्री कुठे झोपायचं हे ज्याला माहीत नसतं, त्याच्यासाठी 'यानंतर काय होणार' हे आधी ठाऊक असणं हीच मोठी गोष्ट असते. इथे गाणं चांगलं झालं की वाईट याला महत्त्व नाही. ऐकायला प्रेक्षक नसतात.

हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण इतिहासात प्रेक्षक जवळजवळ नेहमीच असतात.

कॉन्झर्व्हेटरी म्हणजे मुळात काय

तुमच्यापैकी काहींच्या शहरात संगीताची कॉन्झर्व्हेटरी असेल. हा शब्द इटलीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ संगीतशाळा असा नाही. नेपल्समध्ये सोळाव्या शतकात अनाथ आणि टाकून दिलेल्या मुलांना 'जतन करण्यासाठी' जी घरं निघाली, ती कॉन्झर्व्हेटोरिओ. पहिलं १५३७ सालचं. मुलांना काहीतरी हुन्नर हवा म्हणून तिथे गाणं शिकवू लागले. चर्चच्या समारंभांना गायक हवे असत, त्यांचे पैसे संस्थेला मिळत. हळूहळू संगीत इतकं मोठं झालं की अनाथाश्रम हा अर्थ पुसला गेला आणि शाळा उरली.

व्हेनिसमध्ये मुलींचं पिएता नावाचं आश्रयगृह होतं. विवाल्दी १७०३ पासून तिथे शिकवायचे. युरोपभरातून लोक या मुलींचं वादन ऐकायला येत. पण मुली जाळीमागे असत. गाणं ऐकू यायचं, गाणारी दिसायची नाही. त्यांच्यातल्या काही जणी त्या काळातल्या उत्तम वादक झाल्या, हे खरं. त्यांचं वादन संस्थेला देणग्या मिळवून देत होतं, हेही तितकंच खरं.

१५५९, गोवा

हे सगळं दूर युरोपात घडलं असं वाटत असेल तर गोव्याकडे या. १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या नावाने एक हुकूम निघाला: गोव्यातल्या ज्या हिंदू मुलांना आईबाप, आजीआजोबा नाहीत त्यांना जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजकडे सोपवावं, म्हणजे त्यांचा बाप्तिस्मा होईल आणि त्यांना शिक्षण मिळेल. पुढे 'अनाथ' या शब्दाची व्याख्या ताणली गेली. बाप मेला आणि आई जिवंत असली तरी मूल अनाथ ठरू लागलं. अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरच्या आपल्या पुस्तकात हा इतिहास कागदपत्रांसह मांडला आहे. अशा मुलांना घेऊन नातेवाईक खाडीपलीकडे पळून गेले. म्हणजे अनाथांना आसरा देणाऱ्या कायद्यामुळेच काही कुटुंबांनी आपलं घर सोडलं.

कॉलेजात मुलांना चर्चमधलं गायन शिकवलं जाई. पुढे गोव्यातल्या चर्चच्या गावोगावच्या शाळांमधून स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवण्याची पक्की परंपरा तयार झाली. ब्रिटिश काळातले लष्करी बँड, मूकपटांच्या थिएटरांतले वाद्यवृंद आणि नंतर हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रा यांना वादक मिळाले ते या परंपरेतून. तुमच्या आवडत्या जुन्या गाण्यांमधल्या व्हायोलिनच्या ताफ्यामागे ही एवढी लांब साखळी आहे. तिच्या एका टोकाला जबरदस्तीने नेलेली मुलं आहेत. वादकांच्या कलेला त्यामुळे कमीपणा येत नाही, पण ते टोक विसरूनही चालत नाही.

केडगाव: स्वतः बेघर राहिलेली बाई

मराठी मुलखात या विषयाचा सगळ्यात मोठा धडा पंडिता रमाबाईंकडून मिळतो. एक तर, त्या स्वतः बेघर मूल होत्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबाला घेऊन तीर्थक्षेत्रांमधून फिरायचे. देवळात पुराण वाचायचं आणि लोक देतील त्यावर जगायचं, हे त्यांचं जगणं. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण असे एकामागून एक गेले. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. त्या आणि भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी फिरले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथे त्यांच्या पाठांतराने आणि संस्कृतने विद्वान थक्क झाले, 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. आपण गोष्ट इथून सांगतो. त्याआधीची वर्षं, म्हणजे एक उपाशी मुलगी सुरात पुराण म्हणतेय आणि समोर नाणी, फळं, फुलं पडतायत, ती आपण झटकन ओलांडतो. रमाबाईंनी ती ओलांडली नाहीत. वाचलेलं कळो न कळो, लोक ऐकल्याचं पुण्य घेऊन पुढे जात, हे त्यांनी पुढे स्पष्ट लिहिलं.

१८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत असताना त्यांनी फ्रोबेलची किंडरगार्टन पद्धत शिकून घेतली. गाणी, बोटांचे खेळ, फेर धरणं हा या पद्धतीचा कणा. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि ही पद्धत आपल्या शाळेत आणली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, मदतछावण्यांमधले हाल पाहिले आणि तीनशेच्या आसपास मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून केडगावच्या शेतावर झोपड्या आणि तंबू उभे राहिले. त्यातून १८९८ मध्ये मुक्ती सदन झालं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. मुलगी मनोरमाने अंध मुलींना ब्रेल शिकवायची सोय केली. छापखाना, विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभतं असं सगळं होतं.

आणि गाणं होतं. रमाबाईंनी स्वतः मराठीत ख्रिस्ती भक्तिगीतं रचली. त्याच काळात रेव्हरंड ना. वा. टिळक ख्रिस्ती भजनाला अभंगाची आणि कीर्तनाची चाल देत होते. परदेशी चालीच्या स्तोत्रांपेक्षा हे सूर इथल्या कानाला ओळखीचे वाटले. तुटलेल्या मुलीला ओळखीच्या वळणाचं गाणं देणं ही थेरपीच्या दृष्टीने फार शहाणपणाची गोष्ट आहे. आज कुठलाही प्रशिक्षित थेरपिस्ट तेच सांगेल: मुलाच्या कानात आधीपासून जे आहे तिथून सुरू करा.

पण दुसरी बाजूही आहे. १८९३ मध्येच धर्मांतराच्या प्रश्नावरून रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार शारदा सदनातून बाहेर पडले होते. मुक्ती तर उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. जेवण, अंथरूण, शाळा आणि प्रार्थनेचं गाणं एकाच हातातून येत असेल, तर मुलीला त्यातलं गाणं तेवढं नाकारता येतं का? रमाबाईंचा हेतू निर्मळ होता असं मला वाटतं. त्यांनी वाचवलं नसतं तर त्या मुलींचं काय झालं असतं हे त्या काळाचे दुष्काळ अहवाल वाचले की कळतं. तरीही प्रश्न उरतोच. मिशनच्या जागी मठ, वेदपाठशाळा, मदरसा किंवा एखाद्या कंपनीचा सीएसआर विभाग ठेवून पाहा, प्रश्न तोच राहतो.

मैहर: साथीनंतरचा बँड

जून १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ मुंबईत उतरली आणि रेल्वेने देशभर गेली. पुढच्या काही महिन्यांत भारतात किती माणसं गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आहेत. मागे राहिलेल्या पोरांचा हिशोब कुणी नीट ठेवला नाही. आज मध्य प्रदेशात असलेल्या मैहर या छोट्या संस्थानात मात्र एक वेगळी गोष्ट घडली. महाराज ब्रिजनाथ सिंहांच्या दरबारी नुकतेच आलेले उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी साथीत अनाथ झालेली मुलं गोळा केली आणि त्यांचा वाद्यवृंद उभा केला. तोच मैहर बँड. देशी-विलायती वाद्यं एकत्र, आणि सोबत बंदुकीच्या नळ्या कापून बनवलेलं 'नलतरंग'. ज्या नळीतून गोळी सुटायची तिच्यातून सूर काढायचा, ही कल्पना त्यांचीच.

अल्लाउद्दीन खाँ स्वतः लहानपणी गाण्यासाठी घरातून पळाले होते. कलकत्त्यात उघड्यावर झोपले, अन्नछत्रात जेवले. त्यामुळे बेघर मुलाला काय लागतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मुलांना अक्षरओळखही नव्हती, तरी त्यांनी एकेकाचा हात आणि कान पाहून वाद्य दिलं. बाबांचा राग प्रसिद्ध होता, मारही बसायचा. आजच्या कुठल्याही नियमात ते बसणार नाही. पण एक गोष्ट त्यांनी केली जी अनेक चांगल्या हेतूच्या संस्था करत नाहीत: ते थांबले. एक-दोन वर्षांचा प्रकल्प करून निघून गेले नाहीत. मुलं मोठी झाली, दरबारात नोकरीला लागली, पुढच्यांना शिकवू लागली. तो वाद्यवृंद आजही आहे.

अकरा वर्षांचा मुलगा आणि १९५९ चा कायदा

गाण्यासाठी घर सोडलेल्या मुलाची गोष्ट मराठी माणसाला पाठ असते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर लहानपणी आईला पारखे झाले आणि गाण्याच्या शोधात पायपीट करत ग्वाल्हेरला पोहोचले. किती तरी विद्यार्थी वार लावून जेवले, माधुकरी मागून शिकले. गरीब मुलाला सात घरांनी आठवड्यातून एकेक दिवस जेवू घालायचं, ही त्या काळची सामाजिक सुरक्षा होती. अर्थात कोणाच्या मुलाला कोणाच्या ओसरीवर पान मिळायचं, हे जातीवर ठरायचं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला आणि १९०८ मध्ये मुंबईत गांधर्व महाविद्यालय काढलं. तिथेही गरीब मुलांना ठेवून घेऊन, खाऊपिऊ घालून वर्षानुवर्षं शिकवलं.

आणि भीमसेन जोशी. १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, ते गदगचं घर सोडून निघाले. खिशात पैसे नाहीत, तिकीट नाही. डब्यात गाणी म्हणायची, ऐकणारे काही देतील त्यावर पुढचं स्टेशन गाठायचं. असं करत ग्वाल्हेर, मग आणखी पुढे, शेवटी जालंधर. वडिलांनी तिथून शोधून परत आणलं. आपण ही गोष्ट किती कौतुकाने सांगतो!

आता मुंबई भीक प्रतिबंधक कायदा, १९५९ उघडून पाहा. भीक म्हणजे काय याची व्याख्या तिथे आहे. सार्वजनिक जागी पैसे मागणं म्हणजे भीक, मग ते गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ दाखवणं अशा कुठल्याही निमित्ताने का असेना. गाणं हे कायद्याच्या व्याख्येतच निमित्त म्हणून आलंय. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. मूल असेल तर त्याची रवानगी मुलांच्या कायद्याखाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथे लागू असलेल्या याच कायद्यातली बरीचशी कलमं घटनाबाह्य ठरवली. पण तो निकाल दिल्लीपुरता होता. रेल्वेच्या हद्दीत शिवाय १९८९ चा रेल्वे कायदा आहेच.

या कायद्याआधीही महाराष्ट्रात दारात येऊन गाणारी माणसं होती. वासुदेव, गोंधळी, पोतराज, नंदीबैलवाले. त्यांची पोरं पालात जन्मायची आणि चालायला लागली की बापामागे ताल धरायची. त्यांच्या गाण्याला मान होता, सुपातलं धान्य हा हक्क होता. यातल्या अनेक जमातींकडे इंग्रज सरकारने संशयाने पाहिलं आणि १८७१ च्या कायद्याने काहींवर तर गुन्हेगार असा शिक्काच मारला. तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये गेला. सात वर्षांनी भिकेचा कायदा आला. पाल तेच, गाणं तेच, फक्त नाव बदललं.

इथे माझी एक गोष्ट सांगते. परदेशी जायच्या आधी मी मुंबईत मुलांच्या एका निवाऱ्यात आठवड्यातून दोनदा गाणी शिकवायला जायचे. देणगीदार येणार होते, म्हणून प्रार्थना बसवत होतो. एक मुलगा, नऊ-दहा वर्षांचा, तोंडच उघडायचा नाही. मी गोंजारलं, चॉकलेट दिलं, शेवटी चिडले. 'तुला येतच नाही का गाणं?' असंही म्हणाले. नंतर कळलं की तो लोकलमध्ये गायचा. दोन बोटांत दोन चपट्या दगडी चकत्या धरून असा ताल द्यायचा की मला आजही तो जमणार नाही. आल्या दिवशी त्या चकत्या काढून घेतल्या होत्या. भिकेची सवय सुटावी म्हणून. काढून घेणारी माणसं वाईट नव्हती. मीही नव्हते. पण त्याचं गाणं आम्ही गुन्हा म्हणून जप्त केलं, आणि मग त्याच्यापुढे आमचं गाणं उपचार म्हणून ठेवलं. तो गप्प बसला, यात नवल ते काय?

भीमसेनजी भीमसेनजी झाले म्हणून त्यांचा तो प्रवास तपश्चर्या ठरला. त्याच वर्षी, त्याच गाड्यांमध्ये गाणारी बाकीची पोरं कुठल्याच चरित्रात नाहीत.

पुन्हा गोवा, पुन्हा व्हायोलिन

१९७५ मध्ये व्हेनेझुएलात होसे आन्तोनियो अब्रेऊ यांनी मोजक्या मुलांना घेऊन वाद्यवृंद सुरू केला. त्याचं पुढे 'एल सिस्तेमा' नावाचं देशव्यापी जाळं झालं. गरीब मुलांच्या हातात व्हायोलिन द्या, गुन्हेगारी कमी होईल, ही त्यामागची आशा जगभर पसरली. २०१७ मध्ये या उपक्रमाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २,९१४ मुलं, चिठ्ठ्या टाकून दोन गट, एकाला लवकर प्रवेश, दुसऱ्याला वर्षभराने. मुलांचा स्वतःवरचा ताबा थोडा सुधारला होता, पण परिणाम माफक होते. आणि मुख्य म्हणजे, नाव नोंदवणाऱ्या मुलांमध्ये गरीब मुलं १७ टक्क्यांच्या आसपास होती. त्या भागांमध्ये गरिबीचं प्रमाण ४६ टक्क्यांच्या वर होतं. ज्यांच्यासाठी हे सगळं उभारलं, ती मुलं दारापर्यंतच कमी पोहोचत होती. कारण रोज वेळेवर येण्यासाठीसुद्धा आधी घर लागतं.

एल सिस्तेमाच्या धर्तीवरचं काम आपल्याकडेही आहे. डॉक्टर आणि व्हायोलिनवादक लुईस डायस यांनी इंग्लंडहून परतल्यावर २००९ मध्ये गोव्यात 'चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन' सुरू केलं. पणजीत सांत इनेजच्या 'हमारा स्कूल'मध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या मुलांसाठीच्या निवाऱ्यात, त्यांनी व्हायोलिन शिकवायला घेतलं. हे संगीतशिक्षण आहे, थेरपी नाही, हा फरक आपण वर पाहिलाच. पण मला साखळी दिसते ती अशी: १५५९ चा हुकूम, चर्चच्या शाळा, बँड, सिनेमा, आणि त्याच गोव्यात पुन्हा एक बेघर मूल हनुवटीखाली व्हायोलिन धरून उभं. यावेळी बदल्यात कुणी त्याचा धर्म मागत नाही. साडेचारशे वर्षांत एवढं तरी झालं. 'मग घुमट का नको?' असा प्रश्न तरीही विचारता येतो, आणि मुलालाच विचारला तर जास्त बरं.

मंडळाच्या कार्यक्रमाआधी

२०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे १७ लाख ७० हजार माणसं बेघर नोंदली गेली, त्यातली दोन लाखांहून जास्त महाराष्ट्रात. रात्री फुटपाथवर जाऊन केलेली ही मोजणी अपुरी असणार हे उघड आहे. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, पण फुटपाथवरच्या झोपड्या हटवता येतील असंही त्याच निकालात म्हटलं. म्युझिक थेरपी ही या सगळ्याच्या जागी ठेवायची गोष्ट नाही. भारतात तिचं रीतसर शिक्षण घेतलेली माणसं अजून मोजकीच आहेत. पण जिथे ती नीट केली जाते, तिथे ती एक महत्त्वाचं काम करते. मुलाला आपला वेग आपण ठरवता येतो, याचा अनुभव देते.

तुमच्या शहरातल्या मंडळाच्या गणपतीत किंवा दिवाळीत कधी ना कधी असा व्हिडिओ दाखवला जाईलच. एकसारख्या कुर्त्यातली मुलं, हात जोडून गाणं, शेवटी क्यूआर कोड. द्या, जरूर द्या. पण देण्याआधी संस्थेला चार गोष्टी विचारा. गाणं शिकवणारी व्यक्ती किती वर्षं राहणार आहे? मुलाला आज गायचं नसेल तर चालतं का? त्याची स्वतःची गाणी इथे म्हणायला मिळतात का? आणि अठरा पूर्ण झाल्यावर ते कुठे राहतं? या प्रश्नांनी चांगली संस्था चिडत नाही. उलट, विचारणारं कुणीतरी भेटलं म्हणून बरंच काही सांगू लागते.

त्या मुलाच्या चकत्या पुढे कुठे गेल्या मला माहीत नाही. बहुधा कपाटातून केरात. जाऊन मागून आणाव्यात आणि त्याला म्हणावं की आता तू शिकव, मी शिकते, हे मला त्या वेळी सुचलं नाही.